भरतीच्या वेळेची शाळा

माझं इंग्रजी हे इंग्रजीच नाही, असं मला आजवर इतक्या जणांनी सांगितलंय की आता त्याचं काही वाटत नाही. मुलीने सांगितलं, जावयाने हसत हसत सांगितलं, आणि पंचायत समितीतल्या एका साहेबांनी तर भर बैठकीत सांगितलं. तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ठरवलं की आता इंग्रजीच शिकवायचं, आणि तेही परदेशात जाऊन. कोणी नाही म्हटलं की माझे पाय आपोआप त्याच दिशेला वळतात, हा स्वभाव काही पेन्शनीबरोबर सुटला नाही.

श्रीवर्धनच्या आमच्या कोळीवाड्यात ही बातमी मी पहिल्यांदा माझ्या जावेला, सुमनबायला सांगितली. ती बांबूच्या मांडवावर बोंबील सुकत घालत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "इथली पोरं संपली व्हय, म्हनून परदेशात निघालीस?"

"संपली न्हाईत. पन मला आता इथं कोन शाळंत घेतंय?"

"आनि तिकडं घेतायत?"

"घेतायत. एका संस्थेनं मोबाइलवर मुलाखत घेतली."

"मंग त्यांची शाळा कशी हाय ती बघायलाच पायजे," सुमनबाय म्हणाली आणि पुढचा बोंबील उचलला. हाच आशीर्वाद समजून मी बॅग भरली. बॅगेत इथल्या रोठा सुपारीची एक पिशवी टाकली. मुलगी म्हणाली, "आई, परदेशात सुपारी कोण नेतं?" मी म्हटलं, "मी नेते."

रस्त्यावरचं घर

झांझिबार हे आफ्रिकेच्या पूर्वेला समुद्रातलं बेट आहे. विमानाचं काय सांगायचं, बसले आणि उतरले. उतरल्यावर पहिला आनंद झाला तो भाषेचा. तिथे दुकानाला दुका म्हणतात, गाडीला गारी, पैशाला पेसा. वयाने मोठ्या बाईच्या नावाआधी 'बी' लावतात, जसं आपण कोळणीच्या नावामागे बाय लावतो. मी मनात म्हटलं, अर्धी भाषा तर घरूनच आणलीय. सकाळी लोक गवती चहा घातलेला चहा पितात आणि बरोबर मंदाझी खातात, जी तोंडात टाकल्यावर मला घारग्यांची आठवण झाली. फक्त आपला भोपळा नव्हता, नारळाचं दूध होतं.

संस्थेचं घर मोठ्या रस्त्यावर होतं, समुद्रापासून बरंच आत. तिथली व्यवस्था क्लारा नावाची युरोपातली मुलगी बघायची. वय माझ्या मुलीएवढं, बोलणं मऊ, काम चोख. तिने मला समोर बसवून सांगितलं, "तुमचा अनुभव मोठा आहे. पण इथल्या पालकांना जन्मापासून इंग्रजी बोलणारे शिक्षक हवे असतात. तुम्ही सुरुवातीला मदतनीस म्हणून राहाल का? गाणी, चित्रं, वर्गाच्या भिंती रंगवणं?"

"पालकांना कोणी विचारलं?" मी म्हटलं.

तिने समोरचे कागद पुन्हा चाळले. तिला या प्रश्नाची सवय नसावी. मी पुढे विचारलं, "जिथे जायला कोणी तयार नाही, अशी एखादी शाळा आहे का तुमच्याकडे?"

होती. अगदी किनाऱ्यावरची. रस्त्यावरून खडखडत्या टेम्पोने जायचं, मग प्रवाळाच्या खडकांतून पायवाटेने. तिथे कोणी टिकत नव्हतं. मी म्हटलं, ती माझी.

किनाऱ्यावरची शाळा

शाळा म्हणजे तीन खोल्या आणि एक लांब पडवी. पडवीसमोर माडांची रांग आणि माडांपलीकडे समुद्र. माझं सासर-माहेर दोन्ही समुद्रावर, त्यामुळे मला तिथे परकं वाटेना. पाण्याचा रंग मात्र आपल्यासारखा गढूळ नाही, नव्या कोऱ्या निळीसारखा. घंटा म्हणून ट्रकच्या चाकाची लोखंडी रिंग माडाला टांगलेली होती. मुख्याध्यापक जुमा सर ती स्वतः वाजवत. जुमा सर पन्नाशीचे, सडपातळ, इस्त्रीच्या शर्टातले, आणि वरच्या साहेबांना फार भिणारे. असे मुख्याध्यापक मी रायगड जिल्ह्यात भरपूर पाहिलेत, म्हणून त्यांच्याशी लगेच जमलं.

त्या बेटावर लहानाने मोठ्याला 'शिकामू' म्हणायचं आणि मोठ्याने 'मरहबा' म्हणून ते स्वीकारायचं. पहिल्याच सकाळी सगळा वर्ग मला शिकामू म्हणाला. आपल्याकडची पोरं 'गुऽऽड मॉऽऽर्निंग' असं सुरात रेकतात, त्यापेक्षा हे कानाला बरं वाटलं. मी मरहबा म्हटलं आणि फळ्यावर मासा काढला.

पुस्तकात सफरचंद होतं आणि बर्फाचा माणूस होता. मी पुस्तक मिटून ठेवलं. मासा, होडी, दोरी, नारळ, वारा, पाणी. पोरांना जे दिसतं त्याचं इंग्रजी आधी. चौथ्या बाकावर रेहेमा नावाची बारा वर्षांची मुलगी बसायची. पांढरा रुमाल डोक्याला घट्ट, नजर धीट. दुसऱ्या दिवशी तिने मला इंग्रजीत विचारलं, "टीचर, युवर सी बिग?" मी म्हटलं, "माय सी बिग. युवर सी ब्ल्यू." ती खूश झाली आणि मीही झाले.

जुमा सरांनी मला एक गोष्ट नीट समजावली होती. या मुलांची पुढची शाळा सगळी इंग्रजीतून. गणितसुद्धा. इथे इंग्रजी आलं नाही तर पुढे पोरगं वर्गात नुसतं बसून राहतं आणि वर्षभरात शाळा सोडतं. रस्त्यावरच्या गावांत शिकवण्या होत्या, इथे हा एकच वर्ग होता. रेहेमाला नर्स व्हायचं होतं. तिची आई बी सलमा हिने ते मला पहिल्या आठवड्यातच घरी बोलावून सांगितलं. जेवायला नारळाच्या दुधातला आठपाया, म्हणजे ऑक्टोपस होता. आपल्याकडे त्याच्याच जातीचं माकूल आवडीने खातात, पण हे जनावर मी कधी शिजवलं नव्हतं. चांगलं लागलं. जेवणानंतर मी सुपारीची पिशवी काढली तशी बी सलमाच्या म्हाताऱ्या शेजारणीचे डोळे चमकले. तिथल्या म्हाताऱ्या बायका पान खातात. रोठा सुपारी तोंडात टाकून ती काहीतरी म्हणाली आणि रेहेमाने अर्थ सांगितला, "शी से, यू गुड वुमन." मुलीला हे फोन करून सांगितलंच.

आठवडाभर वर्ग गच्च भरत होता. मग एके दिवशी निम्मा रिकामा झाला. दुसऱ्या दिवशी चार मुलगे, तेही आतल्या वाडीतले. मुली एकही नाही.

नेमकी त्या दिवशी क्लारा आली. तिने रिकामे बाक पाहिले. "इथे नेहमी असंच होतं," ती म्हणाली, "म्हणून कोणी टिकत नाही. रस्त्यावरचं एक गाव कधीपासून वर्ग मागतंय. पंधरा दिवसांनी मी पुन्हा येईन. तेव्हाही वर्ग असाच असेल तर आम्ही तो तिकडे हलवू." ती चुकीचं बोलत नव्हती, पण रेहेमा त्या रस्त्यावरच्या गावी रोज चालत जाणार नव्हती, हेही तितकंच खरं होतं.

माझी पाऊणपट

मी डोकं धरून बसले नाही. पंचांग आठवलं. ज्या दिवशी मुली गेल्या त्या दिवशी पौर्णिमा होती. म्हणजे उधाण. उधाणाला भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, पाणी लांबवर मागे हटतं, वाळू उघडी पडते आणि बायका-पोरी तिथे उतरतात. तिथल्या बायका पाण्यात खुंट्या रोवून, दोऱ्या ताणून, त्यांवर समुद्री शेवाळ पिकवतात. दुरून ते चौकोन उरणकडच्या मिठागरांसारखे दिसतात. आमच्या गावातही उधाणाला पोरी शिंपल्यांना जातात आणि वर्ग ओस पडतात. तीस वर्षं मी त्या दिवशी धडा पुढे नेला नाही, आणि त्यावरून वरची बोलणीही खाल्ली. मला वाटलं, हे तर आपल्या घरचंच दुखणं.

आता आमच्या किनाऱ्यावर लहान पोरालाही ठाऊक असतं की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे सुकती, पुरी ओहोटी, सकाळी सहाला. मी हिशेब केला की मुली पहाटे उतरत असतील आणि आठच्या वर्गाला पोचत नसतील. पडवीतून आठ वाजता मी स्वतः पाहिलं होतं, पाणी अर्ध्यावर होतं, म्हणजे भरत आलेलं. तेव्हा उधाणाच्या दिवसांत वर्ग आठऐवजी दहाला ठेवायचा. दहाला पाणी भरलेलं, मुली मोकळ्या.

जुमा सरांनी हळूच म्हटलं, "मॅडम, दहाला पाणी..."

"सर," मी म्हटलं, "मला समुद्र शिकवू नका. माझ्या सात पिढ्या त्यात आहेत."

जुमा सरांनी हजेरीची वही उचलली आणि ते आत गेले. साहेबांना भिणारा माणूस, मलाही भ्यायला. मी क्लाराला निरोप धाडला की अमावास्येला दहा वाजता ये आणि भरलेला वर्ग बघ. वर हेही लिहिलं की समुद्राचं वेळापत्रक कार्यालयात बसून कळत नसतं. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

अमावास्येला क्लारा दहा वाजता आली. वर्गात मी होते, फळा होता आणि एक बकरी होती. मुलं नव्हती. मी पडवीत आले आणि समुद्राकडे पाहिलं तर समुद्रच नव्हता. पाणी पार क्षितिजापाशी गेलं होतं आणि मधल्या उघड्या वाळूत रंगीत ठिपके वाकून काम करत होते.

क्लारा हसली नाही, हे तिचं मोठेपण. "मला वाईट वाटतं," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यापासून वर्ग रस्त्यावरच्या गावी. तुम्हीच घ्या तो, मदतनीस म्हणून नाही." म्हणजे मला बढती मिळाली होती. मला ती चांगलीच झोंबली.

वाळूत

ती गेल्यावर मी चपला हातात घेतल्या, साडी वर खोचली आणि चालत सुटले. राग कोणाचा होता ते मला आता नीट सांगता येतं, माझा स्वतःचाच. तेव्हा मात्र मी समुद्रावर चिडले होते. ऐन अमावास्येला, दहा वाजता, ओहोटी! आमच्याकडे असं कधी झालं असतं तर लोकांनी देवाला कौल लावला असता.

बी सलमा गुडघाभर पाण्यात दोऱ्या बांधत होती. शेजारी रेहेमा. मला येताना पाहून मुलगी उभी राहिली आणि तशा चिखलातही "शिकामू" म्हणाली. मी मरहबा म्हणायचं विसरले आणि विचारलं, "पाणी आत्ता कसं काय उतरलं?"

रेहेमाने आईला सांगितलं. बी सलमाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आकाशाकडे, आणि इतकी हसली की हातातली दोरी सुटली. आजूबाजूच्या बायकांनी विचारलं, तिने त्यांनाही सांगितलं, मग त्याही हसल्या. तिथे चंद्र भरला किंवा सरला की पाणी दहाला सुकतं. त्यांच्या आज्यांच्या काळापासून. आठ वाजता मी जे अर्धं पाणी पाहिलं होतं ते भरत नव्हतं, उतरत होतं, आणि मुली त्याच्या मागोमाग चालल्या होत्या.

"मग तुमच्या गावात दहाला काय असतं?" बी सलमाने रेहेमाकरवी विचारलं.

"भरत आलेलं असतं."

तिने मान हलवली. "तुमचं पाणी वेडं आहे," ती म्हणाली.

आता कोळणीच्या तोंडावर तिच्या समुद्राला वेडं म्हणणं म्हणजे काय ते सांगायला नको. पण मीही गेले पंधरा दिवस तिच्या समुद्राबद्दल तेच केलं होतं, न विचारता. मी वाकले, दोरीचं दुसरं टोक धरलं आणि विचारलं, "मुली रिकाम्या कधी होतात?"

हा प्रश्न त्या गावात कोणी विचारला नव्हता. बायका आपसांत बोलल्या. पाणी परत आलं की, दुपारचं जेवण झालं की. उधाणाच्या दिवसांत भरतीला शाळा ठेवा, मधल्या भांगाच्या दिवसांत, पाणी फारसं हटत नाही तेव्हा, सकाळचीच असू द्या. इतकं साधं. बी सलमा शेवटी म्हणाली ते रेहेमाने मला दोनदा सांगितलं, कारण मी पहिल्यांदा डोळे पुसत होते. "मुलगी पाण्यात उतरली नाही तर घरात चूल नाही. शाळेत बसली नाही तर तिच्या मुलीच्याही घरात हेच. आम्हाला दोन्ही पाहिजे."

रिंग

दुसऱ्याच दुपारी मुली आल्या. ओल्या ओच्यांच्या, बोटांना दोऱ्यांचे वळ पडलेल्या. वर्ग गच्च. मी क्लाराला फोन केला. तिने ऐकून घेतलं आणि सांगितलं की संस्थेचे वर्ग सकाळीच चालतात, दुपारी तिच्याकडे गाडी नसते, आणि कागद वर गेलेत.

"मग कागदाला शिकवू दे," मी म्हटलं. "मी इथेच राहते."

"मग तुम्ही आमच्या स्वयंसेवक राहणार नाही. घर सोडावं लागेल."

सोडलं. बॅग घेऊन टेम्पोत बसले आणि बी सलमाच्या पडवीत उतरले. तिने कोपऱ्यात माझ्यासाठी चटई अंथरली. उरलेले दिवस तिच्याच घरी झोपले आणि भात तिच्याच ताटातला खाल्ला. मुलीने फोनवर डोक्याला हात लावला. सुमनबाय मात्र एवढंच म्हणाली, "बरा केलास. आपन पाव्हन्याच्या घरात राहायचा, कंपनीच्या न्हाय."

अडचण उरली जुमा सरांची. संस्थेचा वर्ग बंद झाल्यावर, शाळेच्या वेळेनंतर खोली उघडायची परवानगी त्यांच्याकडे नव्हती. ते मला टाळू लागले. दोन दुपारी आम्ही माडाखाली बसलो. तिसऱ्या दुपारी वारा असा सुटला की फळ्यावरचा खडू उडाला. मी जुमा सरांकडे भांडायला निघाले होते, तोच बी सलमा आणि तिच्यामागे शेवाळवाल्या बायका आल्या. त्या भांडल्या नाहीत. मुलींना पुढे घेऊन शाळेच्या पडवीत ओळीने बसल्या आणि गप्प राहिल्या. मीही बसले.

जुमा सर आतून ते बघत होते. मग बाहेर आले, शर्टाची कॉलर नीट केली, माडापाशी गेले आणि लोखंडी काठी उचलून रिंग वाजवली. भर दुपारी, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी. मग खोलीचं कुलूप काढलं आणि मला इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारख्या सात नाहीत, पण माझ्याही चार पिढ्या आहेत समुद्रात. त्या दिवशी मी सांगत होतो." मी त्यांना शिकामू म्हटलं. ते वयाने माझ्याहून लहान, त्यामुळे सगळा वर्ग हसला.

परत श्रीवर्धन

वर्ग जुमा सरांवर सोपवून आले, त्याला आता काही महिने झाले. इथे लोक विचारतात की त्या पोरांना तुमचं इंग्रजी कळलं का. मी सांगते, कळलं, आणि तुम्ही काळजी करू नका, त्यांचं मलाही कळलं. जावयाने अजून एकदा हसून पाहिलं, पण या वेळी एकटाच हसला.

परवा सुमनबायबरोबर मांडवाखाली बसले होते तेव्हा जुमा सरांच्या फोनवरून आवाजाचा निरोप आला. आवाज रेहेमाचा. "टीचर, टुमॉरो बिग वॉटर. मॉर्निंग, वुई वर्क. आफ्टरनून, स्कूल. जुमा सर रिंग द बेल." पाठीमागे रिंग वाजल्याचा आवाजही होता.

"काय म्हनते गो ती?" सुमनबायने विचारलं.

"उद्या उधान हाय. शाळा दुपारची."

"ह्यात काय इंग्रजी?" सुमनबाय म्हणाली. "ह्ये तर आपला रोजचा हाय." पण तिने तो निरोप मला पुन्हा लावायला सांगितला, आणि पुन्हा एकदा.

मी तो क्लाराला पाठवून दिला. वर काही लिहिलं नाही. संध्याकाळी तिचं उत्तर आलं. वर्ग अजून चालू आहे हे तिला ठाऊक नव्हतं. ती स्वतः जाऊन बघणार म्हणाली, आणि किती वाजता गेलं तर मुलं भेटतील ते मी सांगावं, अशी विनंती केली होती.

मी उत्तर लिहिलं, "मला विचारू नका. माझं पाणी वेगळं आहे. रेहेमाला विचारा, ती इंग्रजीत सांगेल."